अकरावीची यादी आणि आपला कोटा

२०२५ च्या अकरावी प्रवेशात माझ्या हातून एक चूक झाली. तिची किंमत मला नाही, शेजारच्या खालांच्या मुलीला मोजावी लागते आहे. या अंकात मेरिट आणि कोट्याबद्दल लिहायचं ठरलं होतं, तर तिथूनच सुरुवात करतो.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. कर्जतच्या लाइनवर कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन. एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. खाला घरी जीन्सचे धागे कापायचं काम करतात. उल्हासनगरच्या कारखान्यांतून गठ्ठे येतात, कापून झाले की परत जातात, पैसे नगावर. खालूंची रिक्षा आहे. मुलीला दहावीला ९१.२० टक्के पडले. मे महिन्याच्या शेवटी खाला घरी आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, तू कम्प्युटरवाला आहेस. फॉर्म तूच भरून दे."

मी लॅपटॉप उघडून बसलो आणि, खरं सांगायचं तर, थोडं भाषणच दिलं. ही प्रक्रिया कशी चालते ते समजावलं. सगळ्या मुलांची गुणांप्रमाणे ओळ लागते. ओळीतल्या पहिल्याला त्याच्या पसंतीचं पहिलं कॉलेज मिळतं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या यादीतलं सगळ्यात वरचं, जागा शिल्लक असलेलं कॉलेज तुम्हाला मिळतं. म्हणून डावपेच करायचे नाहीत, जे कॉलेज खरोखर हवं ते वर लिहायचं. मुलीला विचारलं, कुठलं हवं? तिनं दादरच्या बाजूचं एक नावाजलेलं अनुदानित कॉलेज सांगितलं. सायन्स. मी ते पहिल्या क्रमांकावर टाकलं. खाली ठाण्याचं एक, मग कल्याण-उल्हासनगरची.

जूनच्या शेवटी यादी लागली. पहिल्याच फेरीत पहिलं प्राधान्य मिळालं. खालांनी पेढे वाटले. संध्याकाळी खालू आले आणि शांतपणे म्हणाले, "दादरला रोज कोण पाठवणार?"

जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, सकाळची गर्दीची लोकल, पावसाळा. घरात दोन लहान भावंडं. खालूंना वाटलं होतं, वरची नावं नुसती लिहायला असतात, मिळणार शेवटी जवळचंच. नियम असा आहे की पहिल्या प्राधान्याचं कॉलेज मिळालं आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. सगळं उरकल्यावर जी सर्वांसाठी खुली फेरी होते तिची वाट बघायची. आम्ही वाट बघितली. ऑगस्टपर्यंत जवळच्या अनुदानित कॉलेजांतल्या सायन्सच्या जागा भरून गेल्या होत्या. तिला एका स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजात जागा मिळाली. अनुदानित ठिकाणी मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असतं. इथे वर्षाची फी खालांच्या कित्येक महिन्यांच्या धागे कापण्याएवढी आहे.

तो नियम मला माहीत होता, वाचलेला होता. मी मुलीला विचारलं, घराला विचारलं नाही. आता कुणी म्हणेल की चूक खालूंची, मुलीला पाठवायला हवं होतं. मीही पहिले दोन दिवस हेच म्हणत होतो, जरा आवाज चढवून. पण सोळा वर्षांच्या मुलीचा रोजचा अडीच तासांचा प्रवास हा प्रश्न फक्त आपल्या घरांतला नाही. माझ्या ऑफिसातल्या एका जोशीबाईंनी हेच कारण सांगून मुलीचं रुईयाचं नाव खाली ढकललं होतं. फरक एवढाच की त्यांनी ते फॉर्म भरण्याआधी ढकललं, कारण ही प्रक्रिया त्यांच्या घरात यापूर्वी दोनदा होऊन गेली होती.

तर मग यादी अन्यायाची होती का? नाही. यादीत काहीही काळंबेरं नव्हतं, हे मला आधी मान्य करायचं आहे, कारण आपल्यात पटकन म्हणायची सवय आहे की "आपल्या नावावरून डावललं." इथे नाव कुणी बघतच नाही. ज्यांच्या काळात अकरावीचे फॉर्म कॉलेजच्या खिडकीवर रांग लावून मिळायचे, याद्या फळ्यावर लागायच्या आणि ओळखीवर बरंच काही हलायचं, त्यांना विचारा. मुंबई महानगर प्रदेशात २००९ साली ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. मी त्याच पहिल्या बॅचचा. कल्याण पूर्वेतल्या एका सायबर कॅफेत अब्बांच्या शेजारी उभा राहून फॉर्म भरला होता. अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यांची कुणाशी ओळख नव्हती, आणि पहिल्यांदाच ओळख नसणं आड आलं नाही. हे मी विसरू शकत नाही.

त्या वर्षी प्रवेश लांबले होते ते वेगळ्या कारणानं. राज्य सरकारनं ठरवलं होतं की अकरावीच्या ९० टक्के जागा एसएससी बोर्डाच्या मुलांना आणि १० टक्के बाकी बोर्डांना. जुलै २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. त्याच्या आदल्या वर्षी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं होतं, तेही कोर्टात टिकलं नाही. २०१० साली 'बेस्ट फाइव्ह' आलं. उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं ते राखलं, आणि आजतागायत एसएससीचे टक्के त्याच पद्धतीनं निघतात. २०२१ मध्ये कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला, सरकारनं अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर केली आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं तीही रद्द केली. तेरा वर्षांत चार वेळा प्रकरण कोर्टात गेलं आणि चारही वेळा भांडण एकाच गोष्टीचं होतं: कुणाचे गुण कसे मोजायचे. ज्या वर्गात जाण्यासाठी हे सगळं, त्या वर्गात काय होतं, हा प्रश्न कुठल्याच याचिकेच्या मध्यावर नव्हता.

मोजणीतही किडे आहेत, नाही असं नाही. २०२५ साली दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. वरच्या टोकाला इतकी दाटी झाली की अर्ध्या टक्क्यानं कॉलेज बदलतं. आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'ए' ग्रेड असली की सात वाढीव गुण. पाचशेपैकी सात म्हणजे १.४ टक्के. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत, तिथली मुलं हे १.४ टक्के कुठून आणणार? मी ज्या शाळेत शिकलो तिथे त्या परीक्षेचं नावही कुणी काढलं नव्हतं. खेळाच्या गुणांचंही तेच.

यादी लावणाऱ्या पद्धतीबद्दल माझ्या धंद्यातल्या माणसानं दोन शब्द बोलायला हरकत नाही. 'जे खरं हवं ते वर लिहा' हा सल्ला तेव्हाच निर्धोक असतो जेव्हा पसंतीला मर्यादा नसते आणि वरचं नाकारल्याची शिक्षा नसते. आपल्याकडे दहाच पसंती लिहिता येतात, आणि पहिलं नाकारलं की दार बंद. म्हणजे अंदाज बांधणं आलंच, आणि अंदाज तोच बांधतो ज्याच्या घरात आधी कुणी यातून गेलंय. न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कूलांत २००३ साली प्रवेशाची पद्धत बदलली. आल्विन रॉथ, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थतज्ज्ञांनी ती आखून द्यायला मदत केली. आधी दरवर्षी जवळपास ३० हजार मुलं त्यांनी मागितलेलीच नाही अशा शाळेत टाकली जात. पहिल्याच वर्षी तो आकडा ३ हजारांच्या आसपास आला. रॉथना २०१२ मध्ये अशाच कामासाठी नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा हा की नियमातली एक ओळ बदलली तर हजारो घरांचं वर्ष बदलतं, आणि अशी ओळ बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. पहिलं प्राधान्य नाकारणाऱ्याला बाहेर काढण्याऐवजी पुढच्या फेरीत ते एक कॉलेज वगळून उभं राहू दिलं, तर कुणाचं काय बिघडतं? जागा अडवून धरू नये म्हणून हा नियम केला असेल. पण ज्यानं प्रवेशच घेतला नाही त्यानं जागा अडवलेली नसते, ती पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळतेच.

आता किमतीकडे येतो. एवढं करून त्या दादरच्या जागेला मोल किती होतं?

वर ज्यांची नावं आली त्या पाठक आणि अब्दुलकादिरोग्लूंनी जोशुआ अँग्रिस्ट यांच्याबरोबर २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळा अशा आहेत की तिथे जागा मिळवायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्कची स्टायव्हसंट, बोस्टनची लॅटिन स्कूल. त्यांच्यासाठी घराघरात आपल्यासारखीच धावपळ चालते. या तिघांनी कट-ऑफच्या अगदी वर असलेली मुलं आणि अगदी खाली राहिलेली मुलं यांची तुलना केली. एका गुणानं आत गेलेला आणि एका गुणानं बाहेर राहिलेला, म्हणजे मुळात सारखीच पोरं. पुढे त्यांच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. मुलं हुशार होती म्हणून शाळेचा निकाल चांगला दिसत होता.

हा अभ्यास कट-ऑफच्या आसपासच्या मुलांबद्दल आहे, आणि गुणांबद्दल आहे. सगळं आयुष्य त्यात मोजलेलं नाही. तरी मला तो वाचून माझं कॉलेज आठवलं. मला दहावीला ८८ टक्के होते, आणि बऱ्याच खालच्या पसंतीचं एक अनुदानित कॉलेज मिळालं. नाव घेत नाही. सायन्सच्या आमच्या वर्गात हजेरीवर सव्वाशे नावं होती आणि सप्टेंबरनंतर बाकांवर पंधरा-वीस मुलं. बाकीची क्लासला. इंजिनिअरिंग-मेडिकलची मेरिट यादी प्रवेश परीक्षेवर लागते, मग कॉलेजात कशाला यायचं? पुढे तर क्लास आणि कॉलेज यांचा करारच होऊ लागला, 'इंटिग्रेटेड' या गोड नावाखाली. नाव कॉलेजच्या पटावर, मुलगा क्लासच्या एसी हॉलमध्ये. जून २०१८ मध्ये सरकारनं मोठ्या शहरांत सायन्सच्या मुलांची हजेरी बायोमेट्रिक यंत्रावर घ्यायचा आदेश काढला, यावरून ते किती वाढलं होतं ते कळतं. आदेश काढून ते थांबलं असं मात्र माझ्या आसपासची मुलं बघून वाटत नाही.

म्हणजे अव्वल कॉलेजची जागा हा बऱ्याच घरांसाठी आता शिक्का आहे. शिकवणी वेगळी, तिचे पैसे वेगळे. ज्याला क्लासचे दीड-दोन लाख परवडतात त्याला कॉलेज कुठलंही चालतं. ज्याला परवडत नाहीत त्याला मात्र वर्ग भरतो की नाही यानं आयुष्याचा फरक पडतो. माझे अब्बा दुसऱ्या गटातले. मी त्या पंधरा-वीसांत होतो, आणि केमिस्ट्रीचे एक सर, त्यांचंही नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही, वर्गात अकरा मुलं असोत की चार, घंटा झाली की फळ्यावर लिहायला सुरुवात करायचे. मी इंजिनिअर झालो त्यात त्या सरांचा वाटा कॉलेजच्या कट-ऑफपेक्षा मोठा आहे. कॉलेजनं आणखी एक दिलं: विठ्ठलवाडीच्या गल्लीबाहेरची माणसं. तोवर माझ्या डब्यातला घास आमच्या वस्तीबाहेरच्या कुणी खाल्ला नव्हता. लॅबमधला माझा पार्टनर टिटवाळ्याचा आगरी, दुसरी उल्हासनगरची सिंधी मुलगी. ही कमाई कुठल्या मार्कशीटवर येत नाही, पण मला ती फार मोठी वाटते.

तेव्हा माझ्या मते लढण्यासारखी जागा कुठली? घरापासून अर्ध्या तासावरची, अनुदानित, जिथे शिक्षक वर्गावर येतात अशी. आणि अशी जागा कमी का, हे विचारलं तर उत्तर आरक्षणात किंवा कोट्यात सापडत नाही. राज्यात २०२५ साली अकरावीच्या २० लाखांहून जास्त जागा होत्या आणि अर्ज त्याहून कित्येक लाखांनी कमी. जागांचा दुष्काळ नाही, स्वस्त जागांचा आहे. २००१ साली राज्यानं नव्या शाळा-कॉलेजांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी द्यायचं धोरण धरलं. पुढे त्यातला 'कायम' शब्द निघाला, मग २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. आता बघा, कल्याणच्या पुढे बदलापूरपर्यंत, इकडे टिटवाळ्यापर्यंत जी वस्ती फुगली ती मोठ्या प्रमाणावर याच पंचवीस वर्षांत. माणसं आली ती अनुदान बंद झाल्यावर. दादर-माटुंग्याला जुनी अनुदानित कॉलेजं राहिली, आणि ज्यांना ती हवीत ती मुलं विठ्ठलवाडी-अंबरनाथला राहायला आली. खालांच्या मुलीचा सव्वा तास असा तयार झाला.

या सगळ्यात आपण, म्हणजे आपला समाज, कशावर बोलत होतो? २०२५ च्या उन्हाळ्यात अल्पसंख्याक कॉलेजांवर.

६ मे २०२५ च्या शासन निर्णयात एक कलम होतं की अल्पसंख्याक संस्थांतल्या अल्पसंख्याक कोट्याबाहेरच्या जागांना सामाजिक आरक्षण लागू होईल. मुंबई आणि सोलापूरची काही कॉलेजं आणि अल्पसंख्याक संस्थांची संघटना कोर्टात गेली. १२ जूनला उच्च न्यायालयानं त्या कलमाला अंतरिम स्थगिती दिली. घटनेच्या कलम १५(५) मध्येच अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत, त्यामुळे कायद्याच्या अंगानं मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. माझ्या फोनवरच्या ग्रुपांत मुबारकबादीचा पूर आला. आपला हक्क वाचला.

त्याच सुमारास मी खालांच्या मुलीचा फॉर्म भरला होता, तेव्हा हा हक्क विठ्ठलवाडीतून कसा दिसतो ते बघू.

मुस्लिम संस्थांची कॉलेजं कुठे आहेत? अंजुमन-ए-इस्लाम मुंबईत, महाराष्ट्र कॉलेज नागपाड्याला, रिझवी वांद्र्याला, रईस भिवंडीला. भिवंडीला कल्याणहून सरळ लोकल नाही. दुर्गाडीवरून कोनमार्गे बस किंवा शेअर रिक्षा, ट्रॅफिक तुमच्या नशिबावर. आमच्या स्टेशनाच्या पलीकडे उल्हासनगरात अल्पसंख्याक कॉलेजं आहेत, ती सिंधी समाजाची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत येऊन पडलेल्या माणसांनी वीस वर्षांच्या आत कॉलेज उभं केलं, त्यांचा कोटा हा त्यांचा हक्क आहे आणि त्यांनी कमावलेला आहे. पण आमच्या मुलीच्या बाजूनं हिशेब करा. अल्पसंख्याक कॉलेजात ५० टक्के जागा त्या समाजाच्या, १० टक्के इनहाउस, ५ टक्के व्यवस्थापनाच्या. उरल्या ३५. त्यात ओबीसीची एकही नाही, कारण आरक्षण लागू नाही. म्हणजे ज्या स्थगितीबद्दल आपण मिठाई वाटली, तिच्यामुळे घराजवळच्या अल्पसंख्याक कॉलेजांत मुस्लिम ओबीसी मुलांचा दरवाजा बंद राहिला. दलित आणि आदिवासी मुलांचाही राहिला. त्यांच्याबद्दल ग्रुपांत कुणी चकार शब्द काढला नाही.

खाला तांबोळी आहेत, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. तांबोळी ओबीसीत आहेत. बिगर-अल्पसंख्याक कॉलेजात ओबीसीच्या १९ टक्के जागा असतात, तिथे तरी उपयोग व्हायचा. पण दाखला नाही. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि खालूंच्या वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढंच लिहून ठेवलंय. हे घर एकटं नाही. तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, कुणाचाही जुना दाखला काढा, बहुतेकांवर तोच एक शब्द. मग म्हटलं ईडब्ल्यूएसमधून बघू. तर तेही नाही, कारण तुमची जात आधीच आरक्षणाच्या यादीत आहे. ओबीसीत आहात म्हणून ईडब्ल्यूएस नाही, कागद नाही म्हणून ओबीसी नाही. शेवटी फॉर्मवर 'खुला प्रवर्ग'. खुला हा शब्द तेव्हा मला जरा लागला.

उलट ज्यांची बिरादरी कुठल्याच यादीत नाही अशा घरांना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर ईडब्ल्यूएसचे १० टक्के खुले आहेत. धर्म आड येत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मी सहा घरांना विचारलं, एकालाही हे माहीत नव्हतं. २०१४ च्या पाच टक्के मुस्लिम आरक्षणाची कहाणी मात्र सगळ्यांना तोंडपाठ: जुलैमध्ये अध्यादेश, नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं शिक्षणापुरतं ते चालू ठेवलं, डिसेंबरमध्ये अध्यादेश संपला आणि नव्या सरकारनं कायदा केला नाही. ती मागणी सोडा असं मी म्हणत नाही. पण न मिळालेल्या पाचांबद्दल दहा वर्षं बोलताना हातातल्या एकोणीस आणि दहांचे कागद आपण जमवले नाहीत, हे खरं आहे.

आणि आपल्या संस्था? कलम ३० चा हक्क समाजाला आहे, ट्रस्टींना नाही, असं मी मानतो. मग विचारायला हवं की मुस्लिम कोट्यातल्या पन्नास टक्के जागांवर येतं कोण. त्यात जीन्सचे धागे कापणाऱ्यांची, भंगारवाल्यांची, यंत्रमागावरच्या कामगारांची मुलं किती आणि ज्यांना तसंही कुठेही मिळालं असतं ती किती? कुठल्याही संस्थेनं हे आकडे स्वतःहून छापलेले मी पाहिले नाहीत. अल्पसंख्याक कोट्यातल्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात आणि उशिरा केंद्रीय फेऱ्यांत परत दिल्या जातात. तेवढ्यात खालांच्या मुलीसारख्या कुणाचं वर्ष भलतीकडे गेलेलं असतं. कोर्टानं संस्थांवर आरक्षण लादू नका म्हटलं, स्वतःहून ठेवू नका असं कुठे म्हटलंय? कोट्याबाहेरच्या जागांपैकी काही जागा एखाद्या मुस्लिम संस्थेनं आपण होऊन दलित, आदिवासी मुलांसाठी राखल्या, आपल्या कोट्यात आपल्याच मागास बिरादऱ्यांना आधी घेतलं, तर स्वायत्ततेचा तो सगळ्यात चांगला वापर होईल. 'मग मेरिटचं काय?' हा प्रश्न मला लगेच येणार आहे, बहुतेक आपल्यातल्याच नव्वद टक्केवाल्यांकडून. त्यांना मी वरचा बोस्टनचा अभ्यास पाठवीन, आणि माझ्या केमिस्ट्रीच्या सरांबद्दल सांगेन. ८८ टक्क्यांच्या मुलाला शिकवता येत असेल तर ७४ वाल्यालाही येतं, वर्ग भरला पाहिजे एवढंच.

फॉर्म भरून देणारे आपल्यात आता खूप आहेत. जूनमध्ये मोहल्ल्यात, मशिदीबाहेर, लायब्ररीत टेबलं लागतात, मीही बसतो. पण जून म्हणजे फार उशीर झालेला असतो. दाखल्याचं काम आठवी-नववीतच सुरू व्हायला हवं: गावची शाळा, आजोबांचा जन्म-मृत्यूचा उतारा, बहिणीच्या सासरचा दाखला, जे सापडेल ते. तहसील कार्यालयाच्या फेऱ्या रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाहीत. त्या फेऱ्या मारायला सुट्टी मिळणारी माणसं आपल्यात आता आहेत, मी त्यांतलाच एक. आणि फॉर्मच्या टेबलावर मुलीबरोबर तिचे आई-वडील असल्याशिवाय पसंतीक्रम लॉक करायचा नाही, हा नियम मी माझ्यापुरता केला आहे. घरचे पाठवायला तयार नसतील तर ते भांडण फॉर्मच्या आधी करायचं, यादीनंतर नाही. कधी भांडण जिंकताही येईल. खालूंशी मी मे महिन्यात बोललो असतो तर कदाचित ठाण्यापर्यंत त्यांना तयार केलं असतं. ठाणं दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि तिथल्या कट-ऑफपेक्षा तिचे गुण जास्त होते.

मुलगी आता रोज कॉलेजात जाते. वर्ग भरतो का, असं मी विचारलं. म्हणाली, फिजिक्सचा भरतो, मॅथ्सच्या सरांची जागा दिवाळीपर्यंत रिकामी होती. रविवारी ती मॅथ्स घेऊन माझ्याकडे येते, बरोबर वर्गातल्या आणखी दोघी असतात. तिचा धाकटा भाऊ आठवीत आहे. गेल्या महिन्यात खालू आणि मी एसटी पकडून त्यांच्या गावच्या शाळेत जाऊन आलो. आजोबांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं, पण चुलत आजोबांचं पान शाबूत निघालं. जातीच्या रकान्यात कुणीतरी 'मुसलमान' लिहून पुढे बारीक अक्षरात 'तांबोळी' असं लिहिलंय. हेडमास्तरांनी उताऱ्यावर सही-शिक्का दिला. अर्ज आता तहसीलमध्ये आहे.